मॅडमचा पगार

बायको गेली हे मला लिफ्टच्या खड्ड्यात असताना कळलं. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्या मंगळवारी एका बारा मजली इमारतीच्या तळाशी, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंग तपासत होतो. तिथे फोनला रेंज नसते. वॉचमननं वरून वाकून हाक मारली, "मिस्त्री, ऑफिसात तुमच्या घरचा फोन आलाय. लगेच वर या."

आवाजावरूनच समजलं. तरी मी आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री केली, हत्यारं पिशवीत भरली आणि मगच शिडी चढलो. धाकटी त्यावरून मला अजून ऐकवते.

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. सकाळपासून बहिणीजवळ तीच होती. मी कामावर गेलो होतो, कारण दहा वाजता संस्थेची नर्स यायची होती. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांकडे ही संस्था घरी नर्स पाठवते, आणि पैसे घेत नाही. वेदना थांबवण्याचं इंजेक्शन नर्सच देते, घरच्यांना ते देता येत नाही. त्या दिवशी नर्स आलीच नाही. धाकटीनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "निघाल्यात, पोचतील." साडेबाराला सगळं संपलं.

नर्सनं आल्यागेल्याची वेळ कार्डावर लिहून सही करायची, अशी संस्थेची पद्धत आहे. ते कार्ड आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेलं होतं. लिफ्टच्या मशीनरूममध्ये आमचंही असंच कार्ड असतं, त्यामुळे मी ते रोज न चुकता वाचायचो. सोमवारी सही होती. मंगळवारची ओळ कोरी.

महिन्याभरानं संस्थेचं पाकीट आलं. आत एक फॉर्म आणि वार्षिक अहवाल. माझी बायको शाळेच्या कार्यालयात नोकरीला होती. आपला फंड संस्थेला द्यायचा असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना तिला बोलायलाही त्रास होत होता. वारस मी, त्यामुळे सही माझी लागणार होती.

सही करायच्या आधी मी अहवाल वाचून काढला. कुठलाही कागद मी शेवटच्या पानापासून वाचतो, कारण लपवायचं ते तिथे असतं. शेवटच्या पानावर पगारांचा तक्ता होता. संचालिकेचा एका महिन्याचा पगार माझ्या पाच महिन्यांच्या पगाराइतका.

धाकटीला दाखवला. तिनं चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला.

"अगं बाई! ही सेवा म्हणायची का?"

"तसं छापलंय खरं."

"भाऊजी, सही केलीत तर याद राखा. ताईच्या फंडातून ही बाई नवा सोफा घेईल."

"सोफा तिच्याकडे आधीच असेल."

"मग त्याची खोळ घेईल."

हसू आलं, पण तो आकडा डोक्यातून गेला नाही. एका बाईला इतका पगार, आणि मंगळवारी पाठवायला एक नर्स नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी फोन न करता थेट संस्थेत गेलो. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या. मी झगमगाट शोधत होतो. खुर्च्या एकमेकींशी न जुळणाऱ्या, भिंतीवर नर्सांच्या फेऱ्यांचा फळा, कोपऱ्यात जुना पंखा. माझा संशय उलट वाढलाच. साधेपणा दाखवायला खर्च येत नाही.

संचालिका मॅडम पंचेचाळिशीच्या असतील. मी कोण ते कळल्यावर त्यांनी बसायला सांगितलं, मी उभाच राहिलो.

"तुमचा पगार वाचला," मी म्हणालो.

"बरं झालं. आम्ही तो छापतोच."

"शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात."

"सगळा तक्ताच बारीक आहे, काका."

काका! माझ्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी लहान.

"नर्सला किती देता?"

"माझ्या पगाराचा चौथा हिस्सा. कमी आहे, मलाही माहीत आहे."

"मग मंगळवारी नर्स का नव्हती तेही कळलं. तिचे पैसे तुमच्या खिशात."

त्यांचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही.

"नर्स होती. एक रजेवर होती, म्हणून तिची घरं मी दुसरीच्या फेरीत घातली. तुमचं घर एका टोकाला, दुसरं दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हीकडे दहाचीच वेळ. फळा मी लिहिला होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही."

"मग पगार कशाचा?"

मला वाटलं, आता रडतील किंवा मला बाहेर काढतील. त्या उठल्या आणि कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. कार्यकारिणीच्या बैठकांची वही.

माझी बायको आजारी पडण्याआधी सहा वर्षं दर शनिवारी या संस्थेचे फोन घ्यायची. स्वयंसेवकांच्या वतीनं कार्यकारिणीवरही होती. मी त्याला चहा-बिस्किटांची मीटिंग म्हणायचो.

मॅडमनी उघडलेल्या पानावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. ठराव असा, की तेव्हाच्या बिनपगारी साहेबांच्या जागी पूर्ण वेळ, पगारी संचालक नेमावा आणि पगार चांगल्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकाइतका द्यावा. ठराव मांडणारी सदस्य माझी बायको. खाली तिचं म्हणणं लिहून घेतलेलं होतं. ते मी तिथेच दोनदा वाचलं.

"फोन मी घेते. लोक मला विचारतात, नर्स कधी येणार. मी साहेबांना विचारायला जाते तर साहेब महिन्यातून दोनदाच येतात. ते पगार घेत नाहीत, म्हणून त्यांना कुणी बोलू शकत नाही. पगार दिला की जाब विचारता येईल. स्वस्तातला माणूस ठेवला तर वर्षभरात जास्त देणाऱ्याकडे जाईल."

शाई जुनी होती. पान मधे घुसवलेलं नव्हतं, वहीची शिवण मी बोटानं तपासली. सही तिचीच, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवलेली. तेव्हा ती ठणठणीत होती, कुणी हात धरून करून घ्यावी अशी अवस्था नव्हती.

"तेव्हा मी इथे नव्हते," मॅडम म्हणाल्या. "जाहिरात वाचून नंतर आले. त्या मला म्हणाल्या होत्या, 'पगार भरपूर आहे, तेव्हा कारणं सांगायची नाहीत.' म्हणून आज फळ्याची चूक माझी, एवढंच सांगितलं."

घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ताई तुम्हाला कधी बोलली नाही?"

"नाही."

"कशाला बोलेल? बिस्किटं किती खाल्लीस एवढंच विचारायचात."

"तुला बोलली होती?"

"मलाही नाही. मी तरी काय वेगळं म्हटलं असतं?" तिनं मान वर केली. "सही असेल ताईची. पण त्या दिवशी दहापासून ती दाराकडे बघत होती. मी हात धरला तर म्हणाली, 'बेल वाजली का बघ.' ते लिहिलंय का त्या वहीत?"

त्या खोलीत ती होती, मी नव्हतो.

तीस वर्षं मी लिफ्ट चालू आहे म्हणून दाखल्यावर सही करतो. मालक काय सांगतो ते ऐकून कधीच केली नाही, स्वतः खड्ड्यात उतरून बघितल्यावरच केली. दोन दिवसांनी मी पुन्हा संस्थेत गेलो आणि भेटींची जुनी कार्डं मागितली. मॅडम जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नावं झाकून देते. आठवडा लागेल." आठव्या दिवशी गेलो तेव्हा तीन खोकी तयार होती. एक आधीच्या बिनपगारी साहेबांच्या शेवटच्या वर्षाचं, दोन मॅडमच्या काळातली. नावांवर चिकटपट्ट्या. खोकी द्यायला मॅडम स्वतः जिना उतरून आल्या. मी आभार मानले नाहीत.

पहिलं खोकं चार रविवारांत संपलं. एकतीस कोऱ्या ओळी निघाल्या. एकतीस घरांत कुणीतरी दाराकडे बघत असणार. दुसऱ्यात, मॅडमच्या पहिल्या दोन वर्षांत, फक्त तीन. धाकटी म्हणाली, "म्हणजे बाई कामाची आहे म्हणता?" मी हो म्हणालो नाही. कोरी ओळ नंतरही भरता येते. आमच्या कामात आठवड्याची कार्डं शनिवारी एका जागी बसून भरणारे मी पाहिलेत. त्यांचं अक्षर फार सारखं येतं, कुठे घाई नाही, कुठे पेन बदललेलं नाही. दुसऱ्या खोक्यातल्या एका कार्डावर अशाच चार सह्या आहेत. कदाचित त्या नर्सचं अक्षरच तसं असेल. ती अजून संस्थेत आहे असं मॅडम म्हणतात.

त्या नर्सला मी अजून भेटलेलो नाही. तिसरं खोकं वाचायचं राहिलं आहे. फॉर्मवर सही केलेली नाही.