तोंडातल्या टाचण्या

"हनुवटी खाली घ्या, बाबा. हं, गिळा. आता परत एकदा."

"एका घासाला दोनदा? म्हणजे दुहेरी टीप झाली की!" बाबांमधला शिंपी म्हणाला. "या लगद्याला कशाला हवी?"

लेक हसली नाही. तिचे कान त्यांच्या घशाकडे होते. प्रत्येक घासानंतर ती त्यांना 'आ' म्हणायला लावायची. आवाज ओला, घुरघुरता आला की समजायचं, घास नीट उतरला नाही. पक्षाघातानंतर हातपाय पुष्कळ सावरले होते, पण गिळणं रुसलं ते रुसलंच. पातळ तर अजिबात चालायचं नाही. पाण्यातसुद्धा पावडर घालून ते मधासारखं दाट करायचं. "पातळ पटकन घसरतं आणि श्वासाच्या वाटेला लागतं," गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. "फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल."

तेव्हापासून लेकीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भांडी घासताना मधेच नळ बंद करून ती कानोसा घ्यायची. ठसका ऐकू आला की फेसाळ हातांनीच धावायची.

आईला हे सगळं थोतांड वाटे. "जन्मभर तोंडात टाचण्या धरून कपडे बेतले या माणसानं. एक टाचणी पोटात गेली नाही. त्याला तू गिळायला शिकवणार?"

"न गिळायचीच सवय लागली ना," बाबा म्हणाले. "तीच नडली." मग हळूच, "घोटभर चहा दे गं. तिच्यासारखी खळ करून नको. चहा दे."

एके दुपारी लेक कामावरून लवकर परतली. आई बाबांच्या ओठांना कप लावून उभी होती. चहा साधा, पातळ, वाफाळता.

"आई!"

"ओरडू नकोस. रोज देतेय मी. ऐकलास एक तरी ठसका?"

लेक दारातच थबकली. खरंच, ठसका कधीचा थांबला होता. बाबांनी डोळे मिटून उरलेला घोट घेतला. गिळताना गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ना खोकला, ना काही.

"हिला म्हटलं होतं मी, जुनी मशीन आहे," ते म्हणाले. "तेल घातलं की चालते."

आता मात्र लेक हसली. त्यांना 'आ' म्हणायला लावायचं तिच्या मनातही आलं नाही. "पुढच्या खेपेला बाईंना विचारू," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं नळ वाहता ठेवून सगळी भांडी घासली.

बाईंची खेप यायच्या आत बाबांना ताप चढला. श्वास धावून आल्यासारखा चालू लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, परत ऐकलं.

"जेवताना ठसका लागायचा?"

"छे, तो केव्हाच थांबला." लेकीच्या स्वरात थोडी शाबासकीची अपेक्षा होती.

डॉक्टरांनी मान वर केली. "ठसका म्हणजे घशाचा पहारेकरी. तो गप्प झाला म्हणजे चोर गेले असं नसतं. पहारेकरीच झोपलेला असतो. पातळ काही दिलं होतं?"

आई बाहेर बाकावर बसली होती. बाबांचा चष्मा पदरानं पुसत होती. दार अर्धवट उघडं होतं.

"मी दिलं," लेक म्हणाली.

बाबा घरी परत आले नाहीत.

थंडी पडली तशी आईनं त्यांचा करडा कोट बाहेर काढला. "माझ्या मापाचा करून दे."

लेकीनं तो तिच्या अंगावर चढवला. खांदे कोपराकडे ओघळले. दोन्ही हातांत कापड, म्हणून तिनं टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक काढून टोचू लागली. आई समोर आरशात बघत होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "चहानंच झालं ना?"

टाचण्या काढून बोलता आलं असतं. लेकीनं त्या काढल्या नाहीत. नाही, नाही, अशी जोरानं मान हलवली आणि बाही धरायच्या निमित्तानं आईच्या पाठीमागे गेली. तोंडात लाळ साचली होती. टाचण्या हलू न देता तिनं हनुवटी खाली घेतली आणि गिळलं. मग परत एकदा.