उकंडाच्या नावापुढचा ताप

मित्रांनो, मी एक जुनी वही. कोपरे उंदरांनी खाल्ले, पाठ वाळवीनं. सोनाळ्याकडच्या एका लहान गावात, पोलीस पाटील उत्तमरावांच्या कोनाड्यात माझी हयात गेली. गावात कोण जन्मलं, कोण कशानं मेलं, ते माझ्यात लिहायचं, असा इंग्रजांच्या काळातल्या नागपूरच्या सरकारचा हुकूम होता. दर आठवड्याला ती नोंद ठाण्यात जायची. तिच्यात पटकी दिसली, म्हणजे हगवण-वांतीची साथ, की डॉक्टर येई, विहिरीत लाल औषध टाकी, पाणी भरणं बंद करी. एवढ्यासाठीच तर माझा जन्म!

पाटलांचं अक्षर मोत्यासारखं. दौऱ्यावरच्या साहेबानं एकदा त्यांची पाठ थोपटली, तेव्हा मीसुद्धा काय फुगले होते, सांगू!

गोजरबाईची तीन लेकरं माझ्यातच जन्मली आणि माझ्यातच मेली. चौथं झालं तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर लोळवलं, नाव ठेवलं उकंडा. टाकून दिलेल्याला मरण हात लावत नाही, अशी आपल्याकडची समजूत. सहा वर्षं मरण फसलंही. मग एका वैशाखात पटकीनं उकंडाला एका दिवसात नेलं.

गोजरबाई पाटलांच्या ओट्याशी आली. डोळे कोरडे ठण्ण.

"पाटील, पटकी लिवा. इहीर बंद होईन, गावातले बाकीचे लेकरं तरी वाचतीन."

"चूप वं! माह्या पोरीचं, कोकिळेचं लगन पाच दिवसावर आलं. इहीर बंद झाली त पाव्हण्याईले काय पाजू? लगनच मोडीन!"

पाटलांनी टाक बुडवला आणि उकंडाच्या नावापुढे लिहिलं, ताप. त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मला ओरडता येत नाही हो, मेली कागदाची जात! त्या आठवड्यात आणखी चौघं गेली. चौघांपुढे ताप.

लग्न थाटात लागलं. पाहुणे पोटभर जेवले, त्याच विहिरीचं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी पाठवणीची बैलगाडी जुंपलेली असताना कोकिळेला वांत्या सुरू झाल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली. हातावरची हळद तशीच होती.

पाटलांनी मला उघडलं. टाक बुडवला आणि पानावर तसाच धरून ठेवला. आता पटकी लिहावी, तर आधीचे पाच ताप कसले, असं साहेब विचारणार. पाटीलकी जाणार. दारात गोजरबाई येऊन उभी राहिली.

"काऊन थांबले, पाटील? लिवा ना. ताप."

आणि त्यांनी ताप लिहिलं, मित्रांनो. पोटच्या पोरीपुढे! विहीर उघडीच राहिली. पुढच्या पानांवर बावीस नावं आहेत, साऱ्यांपुढे ताप. शेवटचं नाव गोजरबाईचं.

मला नवा पुठ्ठा नको, काही नको. तुमच्या हाती कधी अशी वही आली, तर पहिल्या मेलेल्यापुढे खरं लिहा. म्हणजे बाकीची पानं कोरी राहतात.