विषय अजून लहान कर

मला राग फार येतो, हे आमच्या सगळ्या दूधविनायक मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण त्या शनिवारी आला तसा बऱ्याच दिवसांत आला नव्हता. माझी भाची शरदिनी, जिला तिची आई गेल्यापासून मीच वाढवली, तिने युनिव्हर्सिटीच्या निबंधासाठी एका कागदावर विषय लिहून आणला होता. ‘काशीतील एका वृद्ध महिलेची मराठी : शेवटच्या पिढीचा अभ्यास.’ ती वृद्ध महिला म्हणजे मी. आणि तो कागद तिने मलाच वाचायला दिला.

“ठीक है ना, आत्या?” वर विचारते.

मी तांदूळ निवडत होते. ताट बाजूला सारलं.

“शेवटची म्हणजे काय गं? रोज पहाटे पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरते आणि चढून येते. जिवंतपणी माझं तेरावं घालतेस?”

“अरे नहीं, आत्या. वो तो शास्त्र का शब्द है.”

शास्त्राला लागली आग. मी कागद तिच्या मांडीवर टाकला.

तिचीही अडचण होती, नाही असं नाही. शरू भाषाशास्त्र शिकते. वीस पानांचा निबंध लिहायचा होता. आधी तिने ‘काशीची मराठी’ असा विषय नेला. तिचे रत्नाकर सर म्हणाले, शिंदे घाटावरचे भटजी, बँकेतले, रेल्वेतले, मंगला गौरीच्या देवळापाशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, इतके सगळे लोक वीस पानांत कुठे कोंबणार? विषय लहान कर. मग तिने ‘दूधविनायकातली मराठी’ नेला. तोही परत. अजून लहान कर. सोमवारपर्यंत जमलं नाही तर सर आपल्या मनाने विषय देणार होते, स्टेशनवरच्या पाट्यांचा. शरूला पाट्यांवर लिहायचं नव्हतं, तिला आपल्या घरच्या बोलण्यावर लिहायचं होतं. त्यावरून दोन दिवस रडली होती. तर असा विषय लहान करत करत पोरगी माझ्यापाशी येऊन थांबली. सोबत डिपार्टमेंटचा टेपरेकॉर्डरही घेऊन आली होती. तो तिने डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

“उचल ते,” मी म्हटलं. “मी एक अक्षर बोलणार नाही. ज्या घरात पोरगी मला मराठीत उत्तर देत नाही, तिथे मी शेवटचीच राहणार की. जेवायला ये म्हटलं की तू ‘आती हूँ’. युनिव्हर्सिटीकडच्या बाजारात निघालीस का विचारलं की ‘लंका जा रही हूँ’. आणि आता माझी मराठी टेप करून सरांना ऐकवणार? आधी माझ्याशी मराठीत बोल, मग तुझा निबंध.”

शरूचा चेहरा लाल झाला. तिने टेप जवळ ओढला, बटण दाबलं.

“ठीक आहे. आत्या, मी तुला विचारायची आहे की…”

“विचारायचं आहे,” मी म्हटलं.

“विचारायचं आहे की तू लहान होतीस तेव्हा कोणाच्या संग…”

“कोणाबरोबर. संग काय?”

तिने टेप बंद केला.

“देखा?” ती म्हणाली. “एक वाक्य भी पूरा नहीं हुआ.”

आणि मग जी सुटली. राग तिने माझाच घेतलाय. हळदीकुंकवाला मी तिला सगळ्या बायकांसमोर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि बायका हसत होत्या. पुण्याचे काका आले तेव्हा मी तिला आधीच बजावलं होतं की कमी बोल. सगळं तिच्या लक्षात होतं, आणि सगळं ती हिंदीत सांगत होती.

“हिंदी में गलत बोलती हूँ तो लोग समझ लेते हैं. मराठी में गलत बोलती हूँ तो तुम लोग सिखाने लगते हो.”

“शिकवलं नसतं तर आहे तेवढंही आलं नसतं,” मी म्हटलं, आणि अजूनही तेच म्हणते. उभा जन्म मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलं. चुकीचं कानावर पडलं की माझी जीभ आपसूक हलते, मी काय करू? शरू उठून खोलीत गेली. रात्री जेवली नाही. मीही विचारलं नाही. इतका संताप झाला होता की आमटीत दोनदा मीठ घातलं.

रविवारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वही घेऊन बसली. माझ्याशी बोलणं बंद. दुपारी शेजारची छोटी गीता वाटी घेऊन आली.

“आजीने विरजण मांगितलं.”

“मागितलंय म्हणावं. किती हवंय?”

गीताने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “थोड़ा सा. दादी कह रही हैं, कल लौटा देंगे.”

मी वाटीत विरजण घातलं. मागे शरूचं पेन चाललेलं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही. पण गीता आली होती मराठीत आणि गेली हिंदीत, हे मलाही दिसलं होतं. त्याचाही रागच आला. कुणाचा, ते मात्र सांगता येईना.

सोमवारी संध्याकाळी शरू आली. माझा भाऊ यज्ञेश्वर, म्हणजे तिचा बाप, बँकेतून येऊन पेपर वाचत बसला होता. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आत्या, विषय पास झाला. सरने म्हटलं, आता बरोबर छोटी आहे.”

मराठीत म्हणाली. माझी जीभ दातांपर्यंत आली.

“काय विषय?” मी विचारलं.

“मराठी बोलताना मुलांना घरात कोण टोकते, आणि टोकल्यावर मुलं कोणत्या भाषेत बोलते. एकच घर. आपली.”

एवढ्याशा बोलण्यात किती चुका. भातात खडे लागावेत तशा लागत होत्या. ती बरोबर होती म्हणून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. तिने शिकायलाच हवं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पुढचं वाक्य कोणत्या भाषेत येणार ते माझ्यावर होतं.

तेवढ्यात पेपरामागून आवाज आला. “सरांनी म्हटलं. आणि आपली नाही, आपलं.”

शरूचं तोंड मिटलं.

“यज्ञेश्वर,” मी म्हटलं, “तुझं तोंड बंद ठेव. पोरगी माझ्याशी बोलतेय.”

“अगं ताई, पण ती चुकीचं…”

“चुकू दे. तुझ्या बापाचं काय जातं? बारा वर्षं झाली, या घरात ती माझ्याशी सलग दोन वाक्यं मराठीत बोलली नाही. आज बोलतेय. पुन्हा मध्ये बोललास तर आजची पोळी स्वतः लाटून खा.”

माझा बाप तोच त्याचा बाप, हे नंतर लक्षात आलं. तो पेपर खाली करून बघतच राहिला. मग गुपचूप वर केला.

“हं,” मी शरूला म्हटलं. “पुढे? काय म्हणाले सर?”

तिने आधी पेपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सांगू लागली, भरभर, एकामागून एक चुकत. मी पदराचा बोळा दातांत धरला आणि ऐकत राहिले.