फटीतलं पोतं

मित्रांनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट करून ठेवतो. मी उशी नाही, लोड नाही, तक्क्या नाही, आणि पाहुण्यांनी ऐसपैस टेकावं म्हणून ठेवलेली गादी तर मुळीच नाही. मी एक म्हातारं, जागोजाग ठिगळं लावलेलं गोणपाटाचं पोतं आहे आणि फटीत बसणं हे माझं काम आहे. हे मी जन्मभर ओरडून सांगत आलो, पण पोत्याचं ऐकतो कोण? मोठ्या माणसांचा नाद मी आता सोडलाय. तुम्ही लहान आहात, तुमच्या डोक्यात अजून काही शिरेल, म्हणून तुम्हाला सांगतो.

धुळ्याच्या बाजारातून मी सरकी भरून कापडण्याला आलो. सरकी बैलांनी खाल्ली आणि मी उखर्डूनानाच्या ओसरीत लोळत पडलो. उखर्डूनाना गावचे कासार. बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या, हाच त्यांचा पिढीजात धंदा. त्यांची सून वच्छलाबाई. एक दिवस तिनं मला उचललं, झटकलं, धुतलं, भुईमुगाची टरफलं आणि सरकी काढायच्या जिनातला टाकाऊ कापूस माझ्यात ठासून भरला आणि दाभणानं माझं तोंड शिवून टाकलं. ठासताना चांगला गुडघा देऊन दाबलं मला. दुखलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. सैल भरलेलं पोतं फटीत काय करणार, कपाळ?

आता ही फट कुठून आली ते ऐका. पूर्वी बांगड्या लाकडी पेट्यांतून, गवतात गुंडाळून यायच्या. मग फिरोजाबादच्या व्यापाऱ्याला सुधारणा सुचली आणि तो पुठ्ठ्याची खोकी पाठवू लागला. खोकं हलकं, दिसायला देखणं, पण एक कोपरा दबला की आतला माल गेलाच म्हणून समजा. खोक्याचं माप ठरवलं फिरोजाबादच्या माणसानं, गाडीची रुंदी ठरवली कापडण्याच्या सुतारानं, आणि दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलं नाही. त्यामुळे गाडीत खोक्यांच्या दोन थप्प्या लागल्या की मधोमध हातभर जागा उरायची. लोकांना वाटतं, मोकळी जागा आहे, राहू द्या. अरे, मोकळ्या जागेइतकं वाईट काही नाही! गाडीला हिसका बसला की खोकं त्या जागेकडे सरकतं, त्याच्यामागून दुसरं, आणि मग सगळी थप्पी आडवी.

वच्छलाबाईला हे बरोबर कळलं होतं. जड खोकी खाली, हलकी वर. वीटकामात करतात तसं, खालच्या दोन खोक्यांच्या सांध्यावर वरचं एक. दोर आवळायच्या आधी प्रत्येक कडेवर फडक्याची घडी, नाहीतर दोर पुठ्ठ्यात रुततो. आणि सगळ्यात शेवटी, मधल्या फटीत, मी. मी घट्ट बसलो की दोन्ही थप्प्या मिळून एकच ढीग व्हायचा. ती वरचं खोकं हातानं ढकलून बघायची. ते हललं नाही की ती नुसती मान डोलवायची. मला तेवढं पुरायचं.

पण हे सुख फक्त गाडीत. घरी आलो की माझे हाल कुत्रा खात नसे. मांजर माझ्यावर व्याली. शेजारची पोरं माझ्यावरून उड्या मारायची. कुणाची सोयरीक ठरायची असली की मला उचलून थेट त्यांच्या ओट्यावर, आणि दोन्हीकडची जाडजूड मंडळी आलटून पालटून मला टेकणार. एकदा तर मला कडब्याखाली टाकून पावसाळाभर विसरले. बुरशी आली, उंदरांनी कोपरा कुरतडला. वच्छलाबाईनं शोधून काढलं, उन्हात वाळवलं आणि ठिगळ लावलं. ती नसती तर मी कधीच चुलीत गेलो असतो.

आता आखाजीच्या मालाची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि प्रत्येकीला नव्या बांगड्या हव्यातच. कासाराचा वर्षाचा खरा सण तोच. त्या वर्षी नानांचे हात कापायला लागले होते, नजरही अंधूक झाली होती. बांगडी चढवताना कासाराचा हात थरथरला तर काय होतं ते सांगायला नको. गाव, म्हणजे गावातल्या बायकांचे हात भरायचा मान, आता कुणीतरी चालवायला हवं होतं. मुलगा पंडित चाळीसगावच्या गिरणीत लागलेला, त्याला या धंद्यात रस नाही. उरली वच्छलाबाई, आणि नानांचा शिरपूरचा पुतण्या रतिलाल.

नानांनी ठरवून टाकलं. आखाजीचा माल वच्छलाबाईनं एकटीनं धुळे स्टेशनवरून आणावा. माल शाबूत पोचला तर गाव तिचं. नाही पोचला तर गाव रतिलालकडे, आणि तिनं चाळीसगावला जाऊन नवऱ्याच्या एका खोलीत संसार करावा.  वच्छलाबाईला काय हवं होतं ते मला माहीत होतं. ती कासाराचीच लेक. कितीही घट्ट हात असो, समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवून अशी बांगडी चढवायची की तिला कळायचंसुद्धा नाही. गावातल्या बायका नानांच्या पाठीमागे तिच्याकडेच यायच्या. ते सगळं सोडून एका खोलीत जाऊन बसायचं, या विचारानं तिचं जेवणावरचं मन उडालं होतं.

गाडी ठरली झुलालभाऊंची. झुलालभाऊ भला माणूस. त्यांच्याइतका अदबीचा माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही, आणि इथंच सगळं बिघडलं.

सकाळी स्टेशनवर माल उतरला. वच्छलाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. एकेक खोकं स्वतः रचलं, दोर आवळला, मला फटीत ठोकून बसवलं, वरचं खोकं ढकलून बघितलं. जागचं हललं नाही. पांझरा ओलांडली, आग्रा रोड लागला, गाडी छान चालली होती. मी खूश होतो. देवभान्यापर्यंत होतो, एवढंच.

देवभान्याला फाट्यावरच्या निंबाखाली उखर्डूनाना काठी टेकून उभे. त्या गावात कुणी वारलं होतं, त्या घरी ते सकाळी भेटीला आले होते आणि आता परतायला गाडीची वाट बघत होते. झुलालभाऊंनी बैल थांबवले. वच्छलाबाई टुणकन खाली उतरली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून गाडीमागे उभी राहिली. सासऱ्यांसमोर सून गाडीत बसून राहते होय?

आता म्हाताऱ्या माणसाला नुसत्या फळीवर कसं बसवायचं? आमच्याकडे हे पापच. झुलालभाऊंनी इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांना मी दिसलो. धरला माझा कान आणि ओढलं बाहेर. वच्छलाबाई म्हणाली, "ते पोतं काढू नका, भाऊ." पण सासऱ्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, आणि म्हणून झुलालभाऊंनाही ऐकू गेलं नाही.

"नाना, बठा. मऊ शे," झुलालभाऊ म्हणाले. आणि नाना बसले.

मित्रांनो, त्या क्षणी माझं तोंड शिवलेलं नसतं तर मी काय काय बोललो असतो! नाना सुखानं सुस्कारा टाकतात, पाय पसरतात, आणि मागे माझी जागा उघडी पडलीय. नानांना तरी काय म्हणायचं? उभ्या हयातीत त्यांनी माल पाठीवर वाहिलेला. गाडीत माल रचायचं काम वच्छलाबाईचं, थप्पी कशी उभी राहते हे त्यांना बघायची वेळच आली नव्हती.

वच्छलाबाई चालत चालत पुढे आली आणि झुलालभाऊंना खुणेनं मला दाखवलं. त्यांना कळलं. कळून त्यांनी जीभ चावली. "नानाले उठ म्हनू?" ते कुजबुजले. तिनं मान खाली घातली. तीही म्हणू शकत नव्हती. सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्यातून बसलेल्या माणसाला उठवायचं, तेही एका पोत्यासाठी? या लोकांच्या अदबीपुढे मी हात टेकले, मला हात असते तर.

पक्का रस्ता सुटला आणि गाडवाट लागली. पहिल्याच खड्ड्यात दोर सैल पडला. दुसऱ्यात वरचं खोकं फटीकडे झुकलं. वच्छलाबाईनं झुलालभाऊंची घोंगडी घडी करून फटीत कोंबली. घोंगडी ती केवढी, सरकून तळाशी गेली. कोंबायला बैलांचा चाराही नव्हता, तो स्टेशनवरच संपला होता. पुढे कोरडा नाला होता, सगळा दगडधोंड्यांचा, आणि तो ओलांडल्याशिवाय गाव नव्हतं. तिनं एकदा नाल्याकडे बघितलं, एकदा नानांच्या पाठीकडे. मग पदर कमरेला खोचला, मागून गाडीत चढली आणि स्वतःच त्या फटीत शिरली.

माझ्या जागेत! एका थप्पीला पाठ लावली, दुसरीला दोन्ही हात आडवे टेकले, आणि श्वास धरून बसली. गाडी नाल्यात उतरली. प्रत्येक हिसक्याला दोन्हीकडची खोकी तिच्यावर यायची आणि ती त्यांना परत ढकलायची. मला मागून बारीक आवाज ऐकू आला. काच. मी म्हटलं, गेलं खोकं. पुन्हा आवाज. पुन्हा. आणि माझ्यावर बसलेले नाना झुलालभाऊंना ऐकवत होते की पूर्वी या नाल्यात किती हाडं खिळखिळी व्हायची, आजची गाडी मात्र कशी अलगद चाललीय. माझी टरफलं रागानं करकरली. नानांना वाटलं, पोतं नवं आहे म्हणून वाजतंय.

घरी पोचल्यावर खोकी ओसरीत उतरली. नानांना डोळ्यांनी नीट दिसेना, म्हणून त्यांनी प्रत्येक खोकं उघडून बांगड्यांवरून बोटं फिरवली. हिरव्या, लाल, चुनडीच्या. एकही वाढलेली नव्हती. हो, आमच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नानांनी झुलालभाऊंच्या हाताची तारीफ केली. मग बैलांची केली. मग मला थोपटलं आणि म्हणाले, पोतंही चांगलं आहे. नानांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक, आणि तेही जे माझं कामच नाही त्याबद्दल! सुनेचं नाव काही निघालं नाही.

वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या नानांच्या समोर आला, आणि नाना थबकले. पाणी देणाऱ्या हाताची किणकिण आलीच नव्हती. डोळे गेले असतील, पण बांगड्या ऐकण्यातच ज्याची हयात गेली, त्याचे कान कुठे जाणार? त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितलं आणि वाकून अगदी जवळून बघितलं. दोन्ही मनगटं मोकळी. सवाष्णीचे मोकळे हात, त्यावर ओरखडे आणि सुकलेलं रक्त.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

झुलालभाऊंना राहवलं नाही. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. पोतं कुठून काढलं, ती कुठे बसली, नाल्यात तिच्या हातातल्या बांगड्या कशा वाढल्या, सगळं. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि सुनेकडे वळले.

"तू काबर बोलनी नही?" का बोलली नाहीस, असं नाना विचारत होते.

वच्छलाबाई पहिल्यांदाच सासऱ्यांना सरळ उत्तर देत होती. "तुम्ही बठेल व्हतात, नाना."

 नानांनी मला हातानं चाचपलं, आणि खरं सांगतो, मला त्यांची कीव आली. मग त्यांनी हिरव्या बांगड्यांचं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पहिले तुन्हा हात भर," ते म्हणाले. "मंग गावना." म्हणजे गावाचे हात आता तिनंच भरायचे.

तिनं तिथंच, त्यांच्यासमोर बसून आपले हात भरले. ओरखड्यांवरून बांगडी जाताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. रतिलालला सांगावा गेला नाही. त्या आखाजीला झोक्यावर बसलेल्या प्रत्येक पोरीच्या हातात वच्छलाबाईनं भरलेल्या बांगड्या होत्या.

मी अजून फटीत बसतो. बैलगाडी गेली, आता कधी कधी ट्रक येतो, पण खोक्यांचं माप अजून कुणी कुणाला विचारून ठरवत नाही. लोक अजून मला बघितलं की टेकायला येतात. तर मित्रांनो, एवढं तरी कराल? रचलेल्या मालातून काही ओढून काढू नका, ते कितीही फालतू दिसू दे. आणि कुणी अदबीनं तुमच्याखाली मऊ काही सरकवलं, तर बसायच्या आधी मागे वळून विचारा, हे कुठून काढलं?