आधी पाय, मग हात

मी फणी बोलतेय. हो, लाकडाची, दात पडलेली! पण आज मला गप्प बसवतच नाही, इतका आनंद झालाय.

किसाबुरो नावाच्या म्हातारा होऊ घातलेल्या कारागिराने मला घडवलं. लाकूड धुरावर सुकवलं, एकेक दात घासला, कामेलिया फुलाच्या बियांच्या तेलात मुरवलं. बाप लेकीचं काय करील, असं माझं केलं त्यानं.

मग दुकानात सायो आली. काय सांगू तिचं रूप! मीसुद्धा भुलले. तिनं मला विकत घेतलं आणि उंबऱ्यावर मुद्दाम खाली टाकलं.

आमच्याकडे जपानात लहान पोरालाही ठाऊक असतं, की पडलेली फणी आधी पायाने दाबायची, मगच उचलायची. नाहीतर तिच्या मालकिणीचे भोग उचलणाऱ्याच्या माथी येतात. पण स्वतःच्या हातची वस्तू कोण तुडवणार? किसाबुरोनं लगबगीनं वाकून मला हातानंच उचललं. सायोनं तिथेच माझ्यानं केस विंचरले. तिची पांढरी बट माझ्या दातांतून काळीभोर होऊन निघाली, आणि माझ्या बापाचं डोकं कापसासारखं पिंजून पांढरं झालं. पुढचा हिवाळा काही त्याला दिसला नाही.

त्यानंतर किती पुरुष वाकले! व्यापारी, शिपाई, एक तर चक्क भिक्षू. सगळे झिजून गेले आणि सायो होती तशीच राहिली, कोवळी. प्रत्येक वेळी मी मनात ओरडायचे, ‘अरे, पाय दे!’ फणीचं कोण ऐकतो?

या शरद ऋतूत आम्ही डोंगरातल्या गरम झऱ्याकाठच्या एका पांथशाळेत उतरलो. सायोच्या कपाळाशी पुन्हा पांढरी बट उगवली. सकाळी ताट घेऊन तामोत्सु आला. मालकांचाच मुलगा, नवं लग्न झालेला. सायोनं मला टाकलं.

‘‘अय्या, पडली वाटतं!’’

तामोत्सुनं ताट ठेवलं. बोटं माझ्याजवळ आली. तेवढ्यात गाद्या उचलणारी त्याची बायको नुई ओरडली, ‘‘अहो, हात लावू नका! आधी पाय!’’

‘‘अगं, पाहुण्यांची वस्तू तुडवू?’’

‘‘तुमच्या बायकोचे विचार फारच जुने दिसतात,’’ सायो गोड हसली.

‘‘जुनी मी नाही, बाईसाहेब, तुम्ही! सासूबाई सांगतात, त्या नवरी होऊन आल्या तेव्हाही तुम्ही याच खोलीत होतात. अगदी अश्शाच!’’

आणि नुईनं गाद्या फेकून असा काही पाय दिला, की माझे दात कडाकडा मोडले. मोडू देत! किती वर्षं वाट पाहिली होती त्या टाचेची!

सायोनं मला हिसकून केसांत फिरवलं. बट पांढरीच राहिली. शेजारी दुसरी उगवली. तिनं मला भिरकावलं आणि डोक्यावरून पदर घेतल्यासारखी शाल ओढून निघून गेली. तामोत्सु मात्र ठणठणीत आहे. बायकोची बोलणी खातोय आणि वर हसतोय.

उद्या नुई मला देवळातल्या होमात सोडणार आहे. मी आनंदानं जाईन. माझ्या बापाकडेच जायचंय. पण सायो मरायची नाही. ती दुसरी फणी घेईल.

म्हणून सांगते. वाटेत सुंदर फणी पडलेली दिसली आणि समोर कुणी लाजून हसलं, तर खुशाल पाय द्या. आम्हाला दुखत नाही हो. उलट जीव भांड्यात पडतो.