हॉर्नचा कौल

"अहो वन्सं, नुसत्या बघताय काय? ओढा!"

"ओढतेच आहे की! पण तुम्ही पाय तरी टेका ना, वहिनी. सगळा भार माझ्यावर टाकता. मी काही पंचविशीतली नाही."

शेवटी नणंदेने बूट जमिनीत रोवले, वहिनीची, म्हणजे बसबाईंची, दोन्ही मनगटं धरली आणि एका हिसक्यात त्यांना त्या लाल, बुटक्या, दोन सीटच्या गाडीतून उपसून बाहेर काढलं. शोरूमचं फाटक नुकतंच उघडलं होतं. आवार झाडणारा एक माणूस सोडला तर चिटपाखरू नव्हतं, आणि तोही पाठमोरा होता. बसबाईंनी श्वास आवरला, कपडे नीट केले आणि बॉनेटला टेकून अशा ऐटीत उभ्या राहिल्या, की बघणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच टुणकन उतरल्यात.

उभी हयात शाळेची बस चालवली म्हणून सगळे त्यांना बसबाई म्हणत. मागे पोरांचा कालवा, रस्ता मोकळा असला तरी न वाढणारा वेग, आणि डाव्या पायाखाली तो दगडासारखा क्लच. त्या क्लचने गुडघा खाल्ला. ही लाल गाडी त्यांनी नोकरीत असतानाच जुनी घेतली होती. सुट्टीच्या सकाळी डोंगराच्या रस्त्याला ती वळणावर घातली की त्यांना वाटे, आज आपण कुणाला कुठे पोचवत नाही आहोत. आपण नुसत्या जातो आहोत. हे सुख त्यांना दुसऱ्या कशातच मिळालं नव्हतं.

या मॉडेलच्या वेड्यांचा गावात क्लब होता. बसबाई सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात, याचं क्लबात फार कौतुक. 'याला म्हणतात निष्ठा,' असं अध्यक्ष दर सभेत सांगत. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. निष्ठा होतीच, नाही असं नाही. पण लवकर येण्याचं कारण वेगळं होतं. बसता-उतरताना आपल्याला कुणी पाहू नये, एवढंच. पाठ धरली म्हणून एका सभासदाने मध्यंतरी उंच गाडी घेतली, तर क्लबाने त्याला चढायला म्हणून एक स्टूल भेट दिलं होतं, टाळ्यांच्या गजरात. तो पुन्हा फिरकला नाही. आणि क्लब सुटला तर बसबाईंना सुट्टीच्या दिवशी जायला जागा उरली नसती.

हळूहळू गाड्या आल्या, रांगेत लागल्या. आज नवं मॉडेल दाखवणार होते. विक्रेत्याने आवाराच्या मधोमध उभ्या केलेल्या गाडीवरचं कापड ओढलं. सगळे भोवती गोळा झाले. मग ज्याचं तोंड कधी बंद नसतं, आणि म्हणूनच ज्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, तो ओरडला, "अरे, हिचे डोळे कुठे गेले?"

जुने गोल दिवे जाऊन त्या जागी दोन बारीक फटी आल्या होत्या.

"झोपेतून उठवून आणलीय वाटतं."

"मागून बघ, मागून! इस्त्री आहे इस्त्री."

"आणि हे दार? कपाटाचं काढून लावलंय का?"

डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "सीट चांगली वीतभर वर घेतलीय. संपलं, मित्रहो. म्हाताऱ्यांची गाडी केली हिची."

"सर, बसायला-उतरायला सोपं जावं म्हणून..." विक्रेता चाचरत म्हणाला.

"सोपं हवं त्याने सोफा घ्यावा!" सायलेन्सरने टोला हाणला, आणि आवारात हशा पिकला.

बसबाई हसल्या नाहीत. गोल दिवे गेल्याचं त्यांनाही वाईट वाटलं होतं. नव्या गाडीचं तोंड त्यांच्या मते अगदीच बावळट होतं. पण त्यांची नजर त्या दारावरून हलेना. चांगलं रुंद, आणि सीट बरोब्बर गुडघ्याच्या उंचीला.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. हे मॉडेल क्लबात येणार नाही, आणि जो कुणी ते घेईल त्याने क्लबाचा बिल्ला परत करायचा. क्लबात मत हात वर करून देत नसत. आपापल्या गाडीत बसायचं, दार लावायचं आणि ठराव मंजूर असलेल्यांनी आधी हॉर्न द्यायचा, ते थांबले की विरोधातल्यांनी, ही रीत. एरवी मतदान असलं की बसबाई सुरुवातीपासून गाडीतच ठाण मांडून असत. आज त्या पुरत्या अडकल्या. पटापट दारं लागली आणि आवारात उभ्या राहिल्या त्या दोघी.

"वहिनी, चला," नणंद कुजबुजली. "मी आडोसा धरते, तुम्ही पटकन बसा."

"पटकन? माझ्यात पटकन काय उरलंय, वन्सं?"

तेवढ्यात हॉर्न सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळेच. त्या कलकलाटात बसबाईंना एकदम राग आला. त्यांच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. आपणही आत बसून हॉर्न द्यायचा, म्हणजे आपल्यासारखीला इथे जागा नाही यावर आपणच शिक्का मारायचा. त्या वळल्या आणि सरळ नव्या गाडीकडे चालू लागल्या. लंगडत, आज लपवलं नाही.

"बसू का हो?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार उघडलं. पाठ केली, टेकल्या, पाय आत घेतले. झालं. गुडघ्याने चकार शब्द काढला नाही. इतरांचे हॉर्न थांबेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग तळहात दाबून धरला. एकटाच हॉर्न, लांबलचक.

डॉक्टरांनी काच खाली केली. "बसबाई, हे मत धरता येणार नाही! मत स्वतःच्या गाडीतून द्यायचं असतं!"

बसबाई कशालाही न धरता उतरल्या. "माझ्या गाडीत मला एकटीला बसताच येत नाही, डॉक्टर. उतरताही येत नाही. ह्या वन्सं ओढतात मला. म्हणून मी आधी येते आणि मागून जाते. निष्ठा-बिष्ठा काही नाही!"

त्यांनी नव्या गाडीच्या छतावर थाप मारली.

"ही गाडी मला आवडलेली नाही. घेणारही नाही. पण दार चांगलं आहे, आणि ते मी बोलणार. बिल्ला मात्र द्यायची नाही. हवा असेल त्याने उतरून यावं आणि काढून न्यावा."

कुणीही उतरलं नाही.

"वन्सं, द्या हात. आडोसा नको." मग सगळ्यांच्या देखत नणंदेने त्यांना लाल गाडीत बसवलं; आधी पाठ, मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत. बराच वेळ लागला. स्टिअरिंगवर हात ठेवताना बसबाईंना उमगलं की हिच्याबरोबरचे आता थोडेच रविवार उरलेत. नणंद शेजारी बसल्यावर त्यांनी गाडी सुरू केली.

त्या रांगेपुढून जात असताना माणसं एकेक करून उतरून आपापल्या दाराशी उभी राहत होती. डॉक्टर तेवढे आत होते. एक हात छताच्या कडेला, दुसरा कमरेवर, नजर समोर. बसबाईंनी ते बसणं ओळखलं. त्यांनी ब्रेक दाबला.

"डॉक्टर, हात हवाय का?"

"छे छे. बसलोय सहज."

"मीही सहजच बसायची."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे पाहत होते. कमरेवरचा हात तिथेच राहिला.

"वन्सं, उतरा जरा," बसबाई म्हणाल्या.

नणंद उतरली, पलीकडून वळसा घालून डॉक्टरांच्या दाराशी आली, बूट जमिनीत रोवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"पाय टेका हं, डॉक्टर," ती म्हणाली. "सगळा भार माझ्यावर नको."