बाबांनी ढाल घेतली

चार दिवस बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी धड बोलले नव्हते. 'मीठ दे' आणि 'दार लावून घे', बस्स. मी नोकरीचं सांगितलं त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

मी इथल्या एका लॅबमध्ये कृत्रिम दात बनवते. नवरा दोन वर्षं दुसऱ्या शहरात आहे, आणि आता तिथल्याच एका मोठ्या लॅबने मला बोलावलं होतं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो लिहायला बोटं शिवशिवत होती, पण घरात सासूबाई होत्या. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आंघोळ घालायला गेलं की मारतात, ओरबाडतात. मी पुढे होऊन मार खाते, बाबा मागे टॉवेल घेऊन उभे राहतात आणि नंतर त्यांना गोंजारून शांत करतात. मी गेले तर पुढे कोण होणार?

रविवारी चारला आमचा खेळ असतो. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना म्हणून मीच त्यांना या फुकटातल्या ऑनलाइन खेळात ओढलं. पाच जणांची टोळी, समोर एक राक्षस. यात क्लास, म्हणजे खेळाडूची भूमिका, कधीही बदलता येते. हातातलं हत्यार बदललं की माणूस बदलला: ढाल घेतली की पुढे उभा राहून मार खाणारा, काठी घेतली की मागून जखमा भरणारा वैद्य. फक्त नव्या हत्याराची पातळी एकपासून चढवावी लागते. मी पहिल्यापासून ढाल, बाबा काठी. कधी अदलाबदल केली नव्हती.

सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. बाबा आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून. माझं एक लक्ष खेळात, एक घड्याळात. खुर्चीत नीट बसवतही नव्हतं. टोळी गुहेच्या तोंडाशी जमली आणि बघते तर काय, बाबांच्या हातात ढाल!

"बाबा, चुकलं तुमचं," मी भिंतीपलीकडे ओरडले. "काठी घ्या, काठी."

"चुकलं नाही. काठी तू घे."

"मला कुठे येते ती? सगळे मरतील."

"मरू देत. त्यांना सवय आहे."

चार दिवसांनी बोलले, तेही वाकडंच. टोळीतल्या बेकरीवाल्याने लिहिलं, 'लवकर ठरवा, माझी भट्टी तापलीय.' रुसवा काढायची ही काय रीत, असं पुटपुटत मी काठी घेतली. मग बाबांच्या ढालीची पातळी बघितली. चव्वेचाळीस. चार दिवसांत कोणी दहाच्या वर जात नाही. हे निदान तीन महिन्यांचं काम होतं. आणि तीन महिन्यांपूर्वीच मी लॅबकडे अर्ज केला होता, घरात कोणाला न सांगता.

मी उठून त्यांच्या दारात गेले. "तुम्हाला कधी कळलं?"

"प्रिंटर माझ्या खोलीत आहे, सूनबाई," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "जागेवर जा. मार पडतोय मला."

तीन वेळा हरलो. मी काठी चालवते म्हणजे आनंदच होता. चौथ्यांदा बाबा पडले तेव्हा मी पुन्हा दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे.

"तुझी दुपारपाळी असते ना, तेव्हा आंघोळ मीच घालतो," ते म्हणाले. "आता जमतं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. राग आला. माझ्यावाचून अडतं, या एका गोष्टीवर मी दोन वर्षं इथे काढली होती, आणि या माणसाने ती माझ्या हातून काढून घेतली होती, मला न विचारता.

"आणि तुम्ही पडलात तर?"

"पडलो तर उठेन. इथे उठता येतं."

"इथे," मी म्हणाले.

त्यांनी बाह्या खाली ओढल्या.

"मग चार दिवस गप्प का होता?" माझा आवाज चढला.

"तोंड उघडलं असतं तर राहा म्हणालो असतो." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पावणेसहा झाले. जा, लिही."

मी स्वयंपाकघरात येऊन 'हो' लिहिलं आणि पुन्हा वाचलं तर पाठवणार नाही म्हणून न वाचताच पाठवून दिलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, मग भांडं आपटल्याचा. सवयीने धावले. बाबा माझ्याआधी दारात पोचले होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि मागे उभ्या राहिलेल्या माणसाने काय करायचं असतं ते मला काही केल्या सुचेना.